पाल, मोर, वांगं... आणि दारातली रांगोळी!

तंजावरपासून १३ किलोमीटरवर कावेरीच्या काठी वसलेलं तिरुवैयारु. कर्नाटक संगीताची पंढरी म्हणून सगळ्या जगाला ठाऊक असलेलं गाव. पण तिथं गाणं ऐकायला नव्हे, तर चक्क संसार थाटायला गेलं तर काय होतं? दीड वर्षाच्या मुक्कामातल्या फजितीचे हे काही किस्से... आणि एका सकाळी न उमटलेल्या रांगोळीची गोष्ट.

पहाटेचे साडेपाच. तिरुवैयारुतली आमची ती पहिलीच सकाळ. आदल्या रात्री सामानाचा ट्रक उशिरा पोहोचलेला, त्यामुळे मी आणि नवरा गाढ झोपेत. सासूबाई मात्र नेहमीच्या सवयीनं उठून ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. एवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली आणि कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "पाऽऽल!"

माझ्या सासूबाई मूळच्या वाईच्या. कृष्णेच्या डोहात पोहायला शिकलेल्या. विंचूसुद्धा चिमट्यात धरून बाहेर टाकतील. पण पाल म्हटलं की त्यांचा धीर सुटतो. त्या तडक झोपाळ्यावर उभ्या राहिल्या. झोपाळा हलायला लागला. त्यांनी कडी धरली आणि आरडाओरडा सुरू केला, "अगं उठा गं, पाल आली, पाल!"

बाहेरच्या माणसाला वाटलं, आतल्या बाई आपल्यालाच साद देताहेत. तो आणखी जोरात ओरडला, "आमा, आमा, पाल!"

मी केरसुणी घेऊन धावले. दार उघडलं तर समोर सायकल, सायकलला कॅन आणि हातात माप घेतलेला दूधवाला! तमिळमध्ये 'पाल' म्हणजे दूध आणि 'आमा' म्हणजे हो. माझ्या हातातली केरसुणी आणि आतला झोपाळ्यावरचा देखावा पाहून त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. पुढं महिनाभर तो आमच्या दारात न ओरडता फक्त घंटी वाजवायचा.

तसं पाहिलं तर पालीचं त्या मुलखात मोठं प्रस्थ. तिचं नाव 'पल्लि'. पाल कुठल्या दिशेला चुकचुकली, अंगावर कुठं पडली, यावरून शकुन सांगणारी कोष्टकं तमिळ पंचांगात छापलेली असतात. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळच्या देवळात तर छताला सोन्याचांदीच्या मुलाम्याच्या पाली आहेत आणि भाविक त्यांना हात लावायला रांग लावतात. हे ऐकल्यावर सासूबाईंनी एकच वाक्य उच्चारलं, "कांचीपुरमला तुम्ही दोघं जा. मी घर सांभाळते."

'तिथं आपलंच राज्य होतं!'

नवऱ्याची बँकेतली बदली तंजावरला झाली, तेव्हा आम्ही सगळे भलतेच खुशीत होतो. तंजावर म्हटलं की मराठी माणसाची छाती उगीचच दोन इंच फुगते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथं मराठी गादी स्थापन केली आणि ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय तिथलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत कोरला गेला, तोही तिथलाच. नवरा मित्रांना सांगत सुटला, "अरे, भाषेची कसली अडचण? १८० वर्षं तिथं आपलंच राज्य होतं!"

तंजावर शहरात मनासारखं घर मिळेना. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं तिरुवैयारुतलं रिकामं घर सुचवलं. ओसरी, मधला चौक, मागं विहीर आणि पाच मिनिटांवर कावेरीचा घाट. घाट म्हटल्याबरोबर सासूबाईंना वाई आठवली. घर ठरलं.

आणि मग कळलं की राज्य आपलं असलं, तरी भाजीवालीला त्याचा पत्ता नव्हता!

ती डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. म्हणाली, "काय वेणुमा?"

सासूबाईंनी विचारलं, "काय?"

ती खूश. "आमा, काय!"

"अहो, पण काय?"

"काय, काय!"

तमिळमध्ये 'काय' म्हणजे भाजी, कच्चं फळ. ती विचारत होती, 'भाजी हवी का?' आणि आमच्याकडून प्रश्नाच्या जागी होकार जात होता. शेवटी त्या माउलीनं दोन किलो कत्तरिक्काय, म्हणजे वांगी, आमच्या पदरात टाकली आणि पैसे घेऊन निघून गेली.

वांग्यांचं दुर्दैव एवढ्यावर संपलं नाही. शेजारणी ओळख करून घ्यायला घरी बोलवायच्या. दारात गेलं की हसतमुखानं म्हणायच्या, "वांग, वांग!" तमिळमध्ये आदरानं 'या, या' म्हणायची ही रीत. चौथ्या घरी सासूबाई मला कोपरानं ढोसत कुजबुजल्या, "अगं, या गावात पाहुण्याला वांगं सोडून दुसरं काही देत नाहीत का?"

त्याच घरी मे महिन्याच्या उन्हात आम्ही घामाघूम झालेल्या पाहून गृहिणीनं विचारलं, "मोर वेणुमा?" सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शाकाहारी माणसाला मोर? तेवढ्यात आतून कढीलिंब, आलं आणि हिंग घातलेल्या ताकाचे पेले आले. 'मोर' म्हणजे ताक! दोन पेले रिचवल्यावर सासूबाईंनी मान्य केलं की मोर फारच चविष्ट होता.

मीही काही मागं नव्हते. एसटीच्या थांब्यावर एका बाईंनी मला विचारलं, "मणि एन्न?" माझा हात आपोआप मंगळसूत्राकडं गेला. मी अभिमानानं सांगितलं की हे आमच्याकडचे काळे मणी. त्या बिचाऱ्या मला फक्त किती वाजले ते विचारत होत्या.

पाच पूल मोजा!

तिरुवैयारु या नावाचा अर्थच पाच पवित्र नद्या. तिरु म्हणजे श्री, ऐ म्हणजे पाच आणि आरु म्हणजे नदी. तंजावरहून निघालं की वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि आणि कावेरी अशा पाच नद्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. बसवरच्या पाट्या तमिळ लिपीत. मला तर त्या लिपीतलं एक अक्षरही तेव्हा येत नव्हतं. पुढं शिकायला घेतलं तेव्हा कळलं की क, ख, ग, घ या चारींसाठी तिथं एकच अक्षर. कुठला उच्चार करायचा ते वाचणाऱ्यानं ओळखायचं!

पहिल्याच आठवड्यात मी एकटी तंजावरला खरेदीला गेले. निघताना नवऱ्यानं बजावलं होतं, "परत येताना पूल मोज. पाचवा पूल संपला की आपलं गाव. चुकायचा प्रश्नच नाही."

परतीला दिवेलागण झाली होती. मोबाईलची बॅटरी संपलेली. बस निघाली. करंदैजवळ एक लहानसा पूल लागला. खाली कालव्याएवढी रुंदी, त्यात मे महिना, पाण्याचा टिपूस नाही. ही काही नदी नव्हे, असं ठरवून मी तो सोडून दिला. तोच होता वडवारु!

पुढं मी इमानेइतबारे मोजत गेले. एक... दोन... तीन... चार. चौथ्या पुलानंतर बस एका गावात शिरली. कंडक्टर ओरडला, निम्मी बस रिकामी झाली. शेजारच्या बाईंनी मला खुणेनं 'उतरा' म्हटलं. मी त्यांना चार बोटं दाखवली आणि नंतर पाचवं बोट वर केलं. त्यांना वाटलं, मला पाच मुलं आहेत. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि त्या उतरून गेल्या.

बस पुढं निघाली. बराच वेळ काळोख. मग एक पूल आला... आणि तो संपेचना! खाली नजर जाईल तिथवर वाळू. मी मनात म्हटलं, हीच कावेरी. एवढी मोठी दुसरी कोण असणार? पूल संपताच मी ऐटीत उतरले. समोर चहाची टपरी. "तिरुवैयारु?" असं विचारलं. टपरीवाल्यानं मी आले त्या पुलाकडं बोट दाखवलं.

मी ओलांडला होता तो कोळ्ळिडमचा पूल. कावेरीचीच ही मोठी बहीण तिरुच्चीच्या वर मुक्कोंबूपाशी वेगळी होते आणि उत्तरेकडून वाहत समुद्राला मिळते. मी पोहोचले होते तिरुमानूरला. नुसती नदीच नव्हे, तर जिल्हाही ओलांडून!

टपरीवाल्यानं परतीची बस थांबवली आणि माझी हकिगत कंडक्टरला सांगितली. कंडक्टरनं ती बसला सांगितली. मग काय विचारता! अख्खी बस माझी राखणदार. पूल आला की चारसहा आवाज एकदम, "कोळ्ळिडम, कोळ्ळिडम!" आणि गाव आलं तेव्हा तर एका आजोबांनी माझी पिशवी स्वतः खाली उतरवून दिली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं घंटी वाजवली आणि हसत विचारलं, "अक्का, कोळ्ळिडम?" बातमी माझ्या आधी गावात पोहोचली होती.

एक किलो पूर

जूनमध्ये मेट्टूर धरणाची दारं उघडतात, आणि मग कोरड्या वाळूतून पाणी दौडत येतं. १२ जून ही त्यासाठीची परंपरेची तारीख. धरणात पाणी कमी असेल तर ती लांबते आणि सगळ्या खोऱ्यातला शेतकरी आकाशाकडं डोळे लावून बसतो. आम्ही गेलो त्या वर्षी पाणी आलं तेव्हा गल्लीतल्या बायका घाटावर धावल्या. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी कापूर लावला. सासूबाई त्यांच्यात होत्याच. नदीची ओटी भरायला भाषा कशाला लागते?

आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, तिथं 'आडि पेरुक्कु' असतो. नदीला पाणी चढतं त्याचा सण. पुष्य मंडपाच्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात असे रंगीबेरंगी डबे घेऊन सगळं कुटुंब घाटावर येतं. बायका कावेरीची पूजा करतात, हळदीचा दोरा गळ्यात बांधतात. आम्ही पुरणपोळ्या नेल्या. त्यांना त्या नवीन नव्हत्या, 'पोळि' म्हणून ओळखीच्याच होत्या. आमचे डबे आधी रिकामे झाले.

तोवर माझा तमिळचा अभ्यास जोरात सुरू झाला होता. आपल्या मराठीत 'ळ' आहे याचा मला भारी अभिमान. तमिळमध्ये तर ळ चे दोन दोन प्रकार! त्यामुळं मी जिथं तिथं ळ पेरायला लागले. ऑक्टोबरच्या पावसात एकदा वाण्याच्या दुकानात गर्दीत उभी राहून मी ठणकावून मागितलं, "ओरु किलो वेळ्ळम् वेणुम्!"

दुकान एकदम शांत झालं. मग वाण्यानं गंभीरपणे नदीकडं बोट केलं आणि सांगितलं की तिकडं भरपूर आहे, पैसे द्यायची गरज नाही.

गूळ म्हणजे 'वेल्लम्'. 'वेळ्ळम्' म्हणजे पूर. मी एक किलो पूर मागितला होता!

सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पण गूळ बांधता बांधता वाणी २०१८ च्या ऑगस्टची आठवण सांगायला लागला. मेट्टूरमधून अफाट पाणी सुटलं होतं आणि मुक्कोंबूच्या बंधाऱ्याची दारंच वाहून गेली होती. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरानं बांधलेला तो बंधारा. पाणी आलं नाही तर पोटाला चिमटा आणि फार आलं तर घराला धोका. त्या गावाला या दोन शब्दांतला फरक का कळतो, ते मला त्या दिवशी समजलं.

आणखी एक फजिती गोडाची. तिरुवैयारुचा 'अशोका' फार प्रसिद्ध. मूगडाळ, साखर आणि सढळ तूप घालून केलेला हलवा, केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गरम मिळतो. मी तो घरी करून पाहिला आणि जमला म्हणून समोरच्या घरी जाऊन मोडक्या तमिळमध्ये जाहीर केलं, "आज मी तुमच्या यजमानांना हलवा देणार आहे!" त्या बाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. तमिळमध्ये एखाद्याला 'हलवा देणं' म्हणजे शेंडी लावणं, टोपी घालणं!

दारात रांगोळी नाही?

आता त्या रांगोळीकडं वळू.

तमिळ घरात पहाटे दारापुढं सडा घालून 'कोलम' काढतात. तांदळाच्या पिठाची रेघ, ठिपक्यांभोवती फिरून पुन्हा सुरुवातीला येऊन मिळणारी. मी पुण्याहून शिरगोळ्याची पांढरीशुभ्र रांगोळी घेऊन गेले होते. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं कमळ काढलं. शेजारच्या आजी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "छान आहे. पण मुंग्या काय खाणार?"

होय, मराठीत म्हणाल्या! या आजी आमच्या शेजारच्या घरात एकट्याच राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. घराणं मराठी, पण महाराष्ट्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. अशा देशस्थ घराण्यांना तमिळ लोक 'रायर' म्हणतात. त्यांची मराठी तमिळ हेलात, जुन्या वळणाची. पहिले काही दिवस आम्ही त्यांचं निम्मं आणि त्या आमचं निम्मं समजायच्या. वांग्याच्या रसदार भाजीला तिथं 'रसवांगी' म्हणतात. हा आपला शब्द सगळ्या तंजावरकरांच्या जिभेवर आहे, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. सासूबाई आणि त्या रोज संध्याकाळी ओसरीवर बसायच्या. त्यांचा मुलगा चेन्नईला. तो दर आठवड्याला फोन करून 'इकडं ये' म्हणायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या फ्लॅटला कावेरी आहे का?"

सप्टेंबरमधली गोष्ट. नवरा चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं पहाटे परतला आणि ओसरीलगतच्या खोलीत डोक्यावरून पांढरी चादर ओढून आडवा झाला. त्याच्या वाटेकडं डोळे लावून आम्हीही जागलो होतो. सगळ्यांनाच झोप लागली. उजाडलं, सडा नाही, रांगोळी नाही.

साडेसातला दारात तीन शेजारणी. चेहरे गंभीर, एकीच्या हातात कॉफीचा थर्मास. सासूबाईंनी दार उघडलं. एकीनं हलकेच विचारलं, "एप्पो?" एप्पो म्हणजे केव्हा, एवढं सासूबाई शिकल्या होत्या. त्यांना वाटलं, मुलगा केव्हा आला ते विचारताहेत. त्यांनी हातानं 'पहाटे' असं सांगितलं. "यारु?" म्हणजे कोण? सासूबाईंनी आतल्या चादरीकडं बोट केलं, "माझा मुलगा!"

तिघींनी पदर डोळ्यांना लावला. एकीनं सासूबाईंना मिठीच मारली. त्या गोंधळानं चादर हलली आणि नवरा उठून बसत म्हणाला, "आई, चहा झाला का?"

पुढचं काही विचारू नका. किंकाळी, थर्मास खाली, कॉफी सगळ्या ओसरीभर!

रायर आजींनी येऊन उलगडा केला. घरात कुणी गेलं तर त्या दारात कोलम काढत नाहीत. श्राद्धाच्या दिवशीही विधी होईपर्यंत अंगण कोरं असतं. म्हणून सकाळी उलटून जाईपर्यंत दार कोरं दिसलं की गल्ली समजते, या घरात काहीतरी झालंय. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून थर्मास.

आम्ही हसून हसून बेजार झालो. पण रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या दाराकडं रोज कुणीतरी बघत असतं. बरं वाटलं बाई."

सासूबाई टीव्हीवर!

पौष वद्य पंचमीला त्यागराजस्वामींची आराधना. १८४७ मध्ये याच गावात त्यांनी समाधी घेतली. तंजावरच्या राजाचं बोलावणं त्यांनी नाकारलं, अशी कथा प्रसिद्ध आहे. रायर आजी ती सांगताना मिस्किलपणे म्हणायच्या, "आपल्याच राजाचं हो!" समाधीचं देऊळ उभं राहिलं ते बेंगळुरू नागरत्नम्मांमुळे. देवदासी घराण्यातली ही गायिका. आपली पुंजी मोडून तिनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जागा जतन केली. त्या काळी आराधनेत बायकांना गायला मनाई होती, तर तिनं समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची स्वतंत्र आराधना सुरू केली. आज स्त्री-पुरुष एकत्र गातात. तिची समाधीही तिथंच आहे.

आराधनेच्या दिवसांत गाव फुगतं. आमच्या ओसरीवर अनोळखी माणसं झोपलेली असायची आणि सकाळी 'वणक्कम्' म्हणून विहिरीचं पाणी मागायची. पंचमीच्या सकाळी शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून पाच रागांतल्या पाच पंचरत्न कृती एका सुरात गातात. सासूबाई पुढं जागा दिसली म्हणून जाऊन बसल्या. ती जागा गाणाऱ्यांची होती! दोन्ही बाजूंना नामवंत गायिका, समोर दूरदर्शनचा कॅमेरा आणि संस्कृत-तेलुगूतलं गाणं सुरू झालेलं. उठावं तर सगळ्यांच्या अंगावरून. मग त्यांनी मार्ग काढला. पाऊण तास डोळे मिटून ओठ हलवत राहिल्या.

दुपारी पुण्याहून भाच्याचा फोन. "मामी, तुम्ही कर्नाटक संगीत कधी शिकलात?"

मी विचारलं, "आई, नेमकं काय म्हणत होतात?"

"रामरक्षा. तेही रामाचंच गात होते ना? मग झालं तर!"

आणि ती सकाळ

फेब्रुवारीतली एक सकाळ. मी सहा वाजता सडा घालायला बाहेर आले. एव्हाना मीही तांदळाचं पीठ वापरू लागले होते. पीठ चिमटीत धरलं आणि सहज शेजारी पाहिलं. रायर आजींचं अंगण कोरं होतं.

त्यांचं कोलम गल्लीत सगळ्यात छोटं, पण सगळ्यात आधी. पाचच्या सुमाराला उमटलेलं असायचं. दीड-दोन मिनिटं मी तशीच उभी होते. झोप लागली असेल. उगीच कशाला? मग सप्टेंबरमधला तो थर्मास आठवला आणि मी हाका मारायला सुरुवात केली. उत्तर नाही. समोरच्या बाई आल्या, दूधवाला सायकल टाकून आला. त्यानं मागच्या परसातून भिंत ओलांडून दार उघडलं.

आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. पहाटे चारला पाय घसरला होता. शुद्धीवर होत्या, पण उठता येत नव्हतं आणि हाका मारून आवाज बसला होता. मनगट मोडलं होतं, अंग गार पडलं होतं. रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. या वयात ओल्या फरशीवर दिवसभर राहिल्या असत्या तर अवघड होतं.

पण त्या आधीची गंमत सांगायलाच हवी. रिक्षात बसवताना आजी माझा हात सोडेनात. मला वाटलं, वेदना होताहेत. मी कान जवळ नेला. त्या पुटपुटत होत्या, "आधी दारात कोलम घाल. नाहीतर गल्लीला वाटेल, मी गेले!"

मी रडत रडत हसले आणि त्यांच्या दारात पाच ठिपक्यांचं कोलम काढलं. वेडंवाकडं आलं. पुढचे दोन महिने गल्लीतल्या बायकांनी पाळी लावून त्यांच्या दारात कोलम काढलं. मुलगा चेन्नईहून आला, न्यायचा हट्ट धरला. आजींनी दाराकडं बोट दाखवलं, "तुझ्या फ्लॅटच्या दाराकडं सकाळी कोण बघतं, ते आधी सांग." त्यानं न्हाणीघरात धरायला दांडे बसवून दिले, शेजारच्या मुलीला रात्री सोबतीला ठेवलं आणि तो परत गेला.

नोव्हेंबरमध्ये आमची बदली ठाण्याला झाली. सातव्या मजल्यावर घर. बंद दारं, नावांच्या चकचकीत पाट्या. मी सवयीनं उंबऱ्याबाहेर चार ठिपके काढायचे. एकदा ताप आला आणि तीन दिवस रांगोळी चुकली. कुणी बेल वाजवली नाही. थर्मास तर लांबच.

चौथ्या दिवशी सासूबाईच उठल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. दोन दिवसांचं वर्तमानपत्र त्यांच्या दाराच्या कडीला तसंच अडकलेलं सासूबाईंना दिसलं होतं. त्यांनी बेल वाजवली, पुन्हा वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. गृहस्थ कण्हत होते, कंबर धरली होती, चहासुद्धा झाला नव्हता.

सासूबाईंनी आमचं दार सताड उघडं केलं आणि हसत म्हणाल्या, "वांग, वांग!"

ते बिचारे गोंधळले. "नको हो, सकाळी सकाळी वांगं कशाला?"